चिंचोक्याची ताजी खळ

माझा धाकटा भाऊ दर काही आठवड्यांनी सोलापूरला येतो, दवाखान्यात पडून अंगात रक्त भरून घेतो आणि संध्याकाळी होटगीला जाऊन आपलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान उघडतो. जन्मापासूनचा थॅलेसेमिया. दुसऱ्याचं रक्त घेऊन घेऊन अंगात लोह साठतं, ते काढायला गोळ्या, त्या गोळ्यांनी पोटाची वाट. एका जनुकातल्या चुकीपायी हे सगळं चाललंय हे मला बारावीत कळलं, आणि तेव्हापासून मी हट्टाला पेटले. चांगलं जनुक पेशीत पोचवायचं, आणि पोचवताना पेशीला इजा होऊ द्यायची नाही.

नुसतं जनुक पेशीच्या आसपास टाकलं तर आत शिरत नाही, बाहेरच तुटून जातं. ते कशात तरी गुंडाळून, डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक कण करून पाठवावं लागतं. विकत मिळणारा पॉलिमर हे काम करतो, पण पेशींनाच मारतो. आधीच औषधांनी पिचलेल्या माणसाच्या अंगात हे घालायचं? माझं डोकंच फिरलं. मी चिंचोका निवडला.

चिंचोका मला नवा नव्हता. मंद्रूपजवळच्या आमच्या गावी घरात घोंगड्या विणतात आणि त्यांना ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावतात. त्या खळीतला चिकटपणा म्हणजे वनस्पतीनं बनवलेला पॉलिमरच. विद्यापीठात पीएचडीचा विषय सांगितला तेव्हा एकजण म्हणाला, "खळवाल्या बाई आल्या." मी म्हटलं, "आल्या, आणि जाणारही नाहीत."

पण खळ जनुकाला धरेना. जनुकावर ऋण भार असतो, चिंचोक्यावर कसलाच नाही. मी रसायनं जोडून त्याला धन भार दिला. मग त्यानं जनुक असं आवळून धरलं की पेशीत जाऊनही सोडेना. भार कमी केला. धरणं जमलं, सोडणंही जमलं. तोवर कणखर पेशींवर काम चाललं होतं; आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी रक्तपेशींवर घातलं, तर त्या पटापट मरायला लागल्या. ज्या गोष्टीसाठी विकतचा पॉलिमर नाकारला, तीच माझ्या खळीनं केली. खूप रडू आलं, आणि त्याहून जास्त राग.

माझे मार्गदर्शक सर भले गृहस्थ. ते म्हणाले, "आणखी एक प्रयत्न कर. नाही झालं तर विकतचा पॉलिमर घे. पदवी तर मिळेल."

"पदवीसाठी नाही करत सर," मी म्हटलं.

त्या आठवड्यात घोंगड्यांची मोठी मागणी आली म्हणून मी गावी मदतीला गेले. आईनं खळीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आंबूस वास आला. मी थबकले. हाच वास माझ्या प्रयोगशाळेतल्या बीकरला यायचा, आणि मला तो कधी खटकलाच नव्हता. आमच्या घरात खळ मुरवल्याशिवाय वापरत नाहीत. चिंचोक्याची पूड कालवून झाकून ठेवायची, आंबली की शिजवायची. माझे हात लहानपणापासून तेच करत आलेले, आणि प्रयोगशाळेतही मी तेच केलं होतं. मुरताना जंतू वाढले. पुढे मी सगळं उकळलं, गाळलं, जंतू मेले, पण मेलेल्या जंतूंचं विष उकळूनही जात नाही आणि रक्तपेशींना ते अजिबात खपत नाही. हे मी परीक्षेत पानंच्या पानं लिहून आले होते! दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण दुसऱ्या कुणाला खळ मुरवायचं सुचलंच नसतं.

"आई, मी आता खळ न मुरवता घेणार."

"बिनमुरल्याली? ती काय धरती व्हय?" आईला माझी कीव आली.

"घोंगडीला नाही धरणार. मला धरेल."

"कर की मग. माजी घोंगडी तेवडी खराब करू नगंस."

सोलापूरला येऊन मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाणी शुद्ध, भांडी शुद्ध, पूड थंड जागी ठेवलेली, काही म्हणता काही मुरू दिलं नाही. जनुक मुद्दाम हिरवा उजेड देणारं घेतलं, म्हणजे पोचलं तर पेशी चमकून सांगेल. भावाची रक्त भरण्याची तारीख नेमकी निकाल बघायच्या दिवशी पडली. दवाखान्यातून तो तडक माझ्याकडे आला, हातावर अजून कापसाची पट्टी.

मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पेशी जिवंत होत्या. काळोखात इथे एक, तिथे दोन, हिरव्या. फार नव्हत्या, पण होत्या! मी त्याला अक्षरशः ओढून खुर्चीवर बसवलं.

तो बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, "आक्का, लई भारी. आता मला कवा देतीस?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. "हा नुसता उजेड आहे रे. आधी तुला हवं ते चांगलं जनुक घालायचं, मग प्राण्यांवर, मग माणसांवर. वर्षं लागतील. जमेलच असंही नाही."

"लागू देत की," तो पुन्हा डोळा लावत म्हणाला. "मी कुटं चाललोय?"

त्याच्या मागे उभी राहून मी डोळे पुसले. मग हातमोजे बदलले आणि पुढच्या खेपेची पूड वजनाला घेतली.