निळ्या दांड्याची पळी

आमच्या वरच्या मजल्यावर नळ दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहतात. गळती थांबवण्यात पटाईत आणि थापा मारण्यात त्याहून पटाईत, म्हणून सगळे त्यांना थापाडेच म्हणतात.

घर ज्यू, त्यांच्या धर्मात दूध आणि मांस एकत्र येऊ द्यायचं नाही. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, स्वयंपाकघरात दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी. निळ्या दांड्याची पळी दुधाला, लाल दांड्याची मांसाला. थापाड्यांना ते सगळं थोतांड. "हो हो, लालच घेतली," म्हणायचं आणि निळी खुशाल बुडवायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा विनोद. वहिनींनी कितीदा पकडलं, कितीदा शिजवलेलं अन्न ओतून दिलं.

मग वहिनींना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली आणि स्वयंपाक थापाड्यांच्या गळ्यात पडला.

परवा दुपारी ते माझ्या दारात उभे. "ताई, वर चला हो. घरी आणल्यापासून ही तोंडच उघडत नाही. दोन दिवस नुसत्या पाण्यावर आहे. आज पोटात काही गेलं नाही तर डॉक्टर नाकातून नळी घालणार म्हणतात."

वर गेले तर कोंबडीचं सूप वाफाळत होतं. "लालनेच ढवळलंय गं, तुझी शपथ!" ते चमचा पुढे करून गयावया करत होते. वहिनींचे ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय. मला त्या माणसाची कीव आली आणि संतापही. पेरलं तेच उगवलं होतं.

"तुमच्या धर्मगुरूंना फोन लावा," मी म्हटलं. "वहिनींना ऐकू येईल असा."

सगळं ऐकून गुरूंनी पहिलाच प्रश्न टाकला, "सुपाला दुधाची पळी लागलीय का?"

थापाड्यांनी मोरीतल्या लाल पळीकडे पाहिलं. मग पडेल आवाजात, "लागलीय. लाल धुवायची राहिली होती."

"त्या पळीने गरम दूध शेवटचं कधी ढवळलंत?"

नुसतं 'परवा' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पळी गरम दुधात बुडवल्याला आख्खा दिवस झाला असेल तर तिने ढवळलेलं जेवण चालतं, एवढं चाळीस वर्षांत त्यांच्याही कानावर पडलं होतं. ते वहिनींकडे बघत राहिले.

"आज सकाळी," ते म्हणाले.

"मग सूप पळीच्या साठपट असलं तरच चालेल. तेवढं भरेल?"

"छे, दोघांपुरतं तर आहे."

"मग ओतून द्या. बटाटा असेल ना? सालासकट जाळावर भाजा, घरातलं कुठलंच भांडं लावू नका."

त्यांनी सूप मोरीत ओतलं. हात धुऊन बटाटा भाजला. सुरी नाही, ताटली नाही, चमचा नाही. चटके सोसत बोटांनीच सोलला आणि तळहातावर कुस्करला. वहिनींनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तोंड उघडलं.

दुसरा घास मला भरवावा लागला. थापाड्यांना रडू आवरेना.