हेमंतचे साठ दिवस आणि मोरागची बोट

किस्से आणि श्रीखंडाचे रिकामे डबे, दोन्ही आमच्या घरात कधी साठतात ते कळत नाही. टाकवत नाहीत, आणि पाहुणे आले की बाहेर निघतात. त्यातून लंडनजवळच्या स्लाऊच्या आमच्या ग्रुपमध्ये कोणी 'बोट' हा शब्द उच्चारला की संपलंच. जेवण गार होतं, कारण मला पहिल्यापासून सांगावं लागतं. आता सगळं सुरळीत पार पडलंय म्हणून मी हसत सांगते. तेव्हा हसू येत होतं, पण ते अर्ध्यात अडकायचं.

तर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सहा दिवस शिडाच्या बोटीतून फिरायचं, सोबत अनुभवी स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, असा हॉलिडे आम्ही जानेवारीत बुक केला होता. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा श्रीकांत, त्याची सुमनआत्या आणि त्याचा पुण्यापासूनचा मित्र हेमंत. आत्या एकाहत्तर वर्षांच्या, सगळं आयुष्य नॉटिंगहॅमला नर्स म्हणून काढलेल्या. हेमंतची बायको केतकी येणार नव्हती, कारण तिला बोट लागते. तिला तळ्यातली पेडलची बोटसुद्धा लागते.

जुलैमध्ये हेमंतच्या कंपनीने त्याची अख्खी टीम रिडंडंट केली, म्हणजे कामावरून कमी केली. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला. साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर मिळाला नाही तर घर आवरायचं आणि परत जायचं. परत जाण्यात काही मरण नाही, पण त्यांची मुलगी इरा जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, वर्षात होती आणि तिला यातलं फारसं सांगितलेलं नव्हतं. हेमंत ट्रिप रद्द करायला निघाला होता. केतकी म्हणाली, "तू जा. इथे बसून इमेल रिफ्रेश करत राहिलास तर मीच तुला हाकलेन."

निघायच्या दोनच दिवस आधी एका कंपनीत त्याचा शेवटचा इंटरव्ह्यू झाला. पुढच्या शुक्रवारपर्यंत फोन करू, असं ते म्हणाले. आम्ही तिघांनी आपसात ठरवलं की बोटीवर हेमंतला या विषयावर एक अक्षरही विचारायचं नाही. शनिवारी आम्ही बोटीवर चढलो तो एकेचाळिसावा दिवस होता. कोणी मोजत नव्हतं, फक्त सगळ्यांना पाठ होता.

* * *

आमची स्किपर मोराग. साठीची, कमी बोलणारी, वाऱ्याने चेहरा रापलेला. तिने आधीच इमेल पाठवून कळवलं होतं की मऊ बॅगा आणा, कडक सुटकेस आणू नका. श्रीकांतने ती इमेल आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली होती. आणि मग चार चाकांची, तेवीस किलोंची, विमानाला नेतो ती सुटकेस भरली. त्यात कुकर, भाजणी, चिवडा, गूळ, नारळ आणि एक छोटी इस्त्री.

मोरागने सुटकेसकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हिच्या आत आणखी कोणी पाहुणे आहेत का?"

ती सुटकेस बोटीवर फक्त एकाच ठिकाणी मावली, टॉयलेटमध्ये. त्यामुळे सहा दिवस ज्याला जायचं असेल त्याने आधी सुटकेस उचलून बाहेर आणायची, मग आत जायचं. बाहेर सुटकेस दिसली की आत कोणीतरी आहे, हे सगळ्या बोटीला कळायचं. श्रीकांतचं म्हणणं असं की इतकी चांगली सोय दुसऱ्या कुठल्याच बोटीवर नसेल.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मोराग तिचा प्लास्टिकचा मापाचा जग शोधत होती. रोज त्यात पाणी मोजून ती पॉरिज करायची. मिळेना. मी श्रीकांतकडे पाहिलं. श्रीकांत समुद्राकडे पाहू लागला. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस काही न बोलता कबूल कसा होतो, ते मला चांगलं कळतं.

आपल्या माणसाला टॉयलेटमध्ये पाण्याचं भांडं लागतंच. घरून आणायचं राहिलं, म्हणून यानं समोर दिसेल ते उचललं होतं. मी जग घासून, उकळत्या पाण्यातून काढून परत ठेवावा म्हटलं, तर आत्या म्हणाल्या की निर्जंतुक होईल हे खरं, पण मी त्यातलं खाणार नाही. आम्ही चौघांनी त्या दिवशी पॉरिज नको, उपास आहे असं सांगितलं. टोबरमोरीला किनाऱ्याला लागल्यावर मी धावत जाऊन नवा जग आणला.

मोरागने तो बघितला. म्हणाली, "जुना सापडला तर तो तुम्हीच ठेवा." तिला सगळं माहीत होतं.

* * *

श्रीकांतने येण्याआधी शिडाच्या बोटींवर तीन पुस्तकं वाचली होती. वारा कुठून आला की शीड कुठे घ्यायचं, हे तो गाडीत ओबानच्या बंदरापर्यंत आम्हाला समजावत होता. खुल्या समुद्रात पहिली मोठी लाट आली आणि हा जो बादली धरून आडवा झाला तो तीन तास उठलाच नाही.

बोटीचं चाक मग आत्यांनी घेतलं. बर्फात, चढावर, पेशंटच्या घरोघर गाडी हाकलेली बाई ती. समोरच्या बेटावरचा दीपस्तंभ मोरागने दाखवला आणि आत्यांनी बोट अशी सरळ नेली की मोराग खाली जाऊन चहा करून आली. मधेच आत्यांनी एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने भाच्याची पाठ चोळली.

"श्री, पुस्तकं तीन वाचलीस," त्या म्हणाल्या, "पण बादली एकच पुरली बघ."

हेमंत त्या दिवशी पहिल्यांदा खळखळून हसला. मला इतकं बरं वाटलं की मी श्रीकांतला आणखी थोडा वेळ तसंच पडून राहायला सांगितलं.

* * *

सोमवारी नारळी पौर्णिमा होती. आत्या दरवर्षी नॉटिंगहॅमला नदीवर जाऊन नारळ वाहतात, आणि यंदा तर साक्षात समुद्र होता. मोराग बोट ऑटोपायलटवर सोडून खाली नकाशा बघत असताना आम्ही पुढच्या टोकाशी उभे राहिलो. आत्यांनी नारळाला हळदकुंकू लावलं आणि तो हेमंतच्या हातात दिला. हेमंतने डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले आणि नारळ समुद्रात सोडला. आम्ही हात जोडले.

आता यात एक भानगड होती. पहिल्या दिवशी मोरागने शिकवलं होतं की काहीही पाण्यात पडलं तर एकाने त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं आणि नजर हलवायची नाही. श्रीकांत कालच्या नाचक्कीमुळे आता आदर्श विद्यार्थी झाला होता. 'धप्प' ऐकल्याबरोबर त्याचे जोडलेले हात सुटले आणि एक हात नारळाकडे रोखला गेला.

मोराग एका उडीत वर आली. तिला दिसलं ते असं: तिघं हात जोडून उभे आणि चौथा पाण्याकडे बोट दाखवतोय! तिने आमचं काही ऐकूनच घेतलं नाही. बोट गर्रकन वळवली, शिडातला वारा सोडला, जाळी घेतली आणि नारळ वर काढून हेमंतच्या हातात ठेवला.

"चार मिनिटं," ती घड्याळ बघत म्हणाली. "माणूस असता तर वाचला असता."

हेमंतचा चेहरा मात्र पांढरा पडला. मागितलेलं समुद्राने परत पाठवलं, हे त्याच्या मनात आलेलं आम्हा सगळ्यांना दिसलं, कारण आमच्याही मनात तेच आलं होतं. आत्यांनी नारळ त्याच्या हातातून काढून घेतला.

"समुद्राने नाही परत केला," त्या म्हणाल्या. "मोरागने केला. त्याच्यापर्यंत अजून अर्ज पोचलेलाच नाही."

मग आत्यांनी मोरागला नारळ का वाहतात ते समजावलं. नॉटिंगहॅममध्ये समोरच्याला प्रेमाने 'डक' म्हणतात, त्यामुळे नारळी पौर्णिमेची माहितीही "असं आहे बघ, डक" अशीच सुरू झाली. मोराग ओशाळली. पुन्हा टाकायचा असेल तर मागे वळवते म्हणाली. आत्यांनी नको म्हणून सांगितलं आणि त्याच नारळाचा गूळ घालून कुकरमध्ये नारळीभात केला. मोरागने तीनदा घेतला.

* * *

बुधवारपासून फोनला रेंजच नव्हती. उंच कडे, त्यांच्यामध्ये समुद्राच्या अरुंद पट्ट्या, आणि हेमंत फोन उंच धरून बोटीवर इकडून तिकडे फिरतोय. शेवटी श्रीकांतला कल्पना सुचली. डोलकाठीवर झेंडा चढवायची एक बारीक दोरी असते. फोन डब्यात घालून तिने वर चढवायचा, वर रेंज मिळाली की मेसेज उतरवून घ्यायचे आणि खाली आणायचा. मोराग आधी नाही म्हणाली, मग गाठ तिनेच मारून दिली.

अर्धा तास वर ठेवून डबा उतरवला. एकही मेसेज आलेला नाही. परत चढवला, परत तेच. आत्यांनी डबा वाजवून पाहिला आणि विचारलं की स्टीलमधून सिग्नल जातो का रे?

माझा नवरा व्यवसायाने नेटवर्क इंजिनियर आहे. लोकांच्या ऑफिसात सिग्नल का पोचत नाही, हे शोधण्याचाच त्याला पगार मिळतो.

मी चिवडा भरलेला श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा रिकामा करून दिला. दहा मिनिटांत त्र्याण्णव मेसेज! त्यातले नव्वद मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाला मसालेभात करायचा की पुलाव, या वादाचे होते. उरलेले तीन केतकीचे. कंपनीचा एकही नव्हता. मोराग मग रोज सकाळी स्वतःच विचारायची, "डबा वर?" तेवढे दोन मराठी शब्द तिला आले.

* * *

शुक्रवार. सत्तेचाळिसावा दिवस. दुपारी तीन वाजून गेले होते, हेमंत चाकावर होता आणि डबा वर होता. आणि डोलकाठीच्या टोकावर फोन वाजायला लागला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. आम्ही चौघं माना वर करून बघतोय, आणि नोकरी तिथे वर वाजतेय. हेमंतला चाक सोडता येईना. श्रीकांतने दोरी ओढली, ती कप्पीत अडकली. मी त्याला ओरडले, त्याने आणखी जोरात ओढली, ती आणखी अडकली. दहा वेळा वाजून फोन थांबला. दोरी मग अगदी आज्ञाधारकपणे सुटली. मिस्ड कॉल, लंडनचा नंबर. आणि फोन हातात येईस्तोवर रेंज गेलेली.

पाच वाजता ऑफिस बंद होणार, सोमवारी बँक हॉलिडे. म्हणजे थेट मंगळवार, एक्कावन्नावा दिवस, आणि नवीन स्पॉन्सरचे कागद व्हायलाही दिवस लागतातच. मोरागला यातलं काही माहीत नव्हतं. आत्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

वारा असताना इंजिन लावणं मोरागला पाप वाटायचं. तिने शिडं उतरवली आणि इंजिन लावलं. पलीकडच्या खाडीत मेंढ्यांचं एक फाटक आहे, ती म्हणाली. त्याच्या अलीकडे रेंज नाही, पलीकडे चार पावलांवर आहे.

नांगर टाकला तेव्हा पावणेपाच होत आले होते. मोरागने हेमंतला छोट्या रबरी होडीतून किनाऱ्यावर सोडलं आणि तो टेकडी चढत धावत सुटला. श्रीकांतने दुर्बीण घेतली आणि कॉमेंट्री सुरू केली. फाटक उघडतोय. उघडत नाहीये. वरून चढला. फोन कानाला लावलाय. बोलतोय. मान हलवतोय.

"उभी की आडवी?" मी विचारलं.

"मेंढी मधे आलीय."

मग हेमंत गवतात खाली बसला. नुसताच बसून राहिला. श्रीकांतने दुर्बीण खाली ठेवली. आत्या कोरडे कप पुन्हा पुसायला लागल्या. खूप वेळाने हेमंत उठला, परत फोन लावला, आणि तो बराच वेळ चालला.

मोराग त्याला घेऊन आली तेव्हा आम्ही तिघं खाली बघत उभे. विचारायचं नाही, असं ठरलेलं होतं ना! पण मोराग आमच्या ठरावात नव्हती. तिने होडी बांधता बांधता विचारलं, "मग?"

"मिळाली," हेमंत म्हणाला. "मंगळवारी स्पॉन्सरशिपचे कागद पाठवतायत."

श्रीकांत त्याच्या गळ्यात पडून रडला, मीही रडले. आत्यांनी तेवढ्यात विचारलं की केतकीला कळवलंस का.

"कळवलं."

"काय म्हणाली?"

"बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. मी हॅलो हॅलो करत बसलो." हेमंतने नाक पुसलं. "मग म्हणाली, लाइफजॅकेट घातलंयस ना?"

हा माणूस तेव्हा टेकडीच्या माथ्यावर, मेंढ्यांच्या मधोमध उभा होता.

"मी म्हटलं, घातलंय."