मागं बसलेल्यांचं मत

आईनं हात पुढं केला. दारावरच्या मास्तरांनी चिंचोक्यांची पिशवी मागं घेतली.

"बाई, इथं कवितेचा निवाडा आहे. तुले काय समजते? मांगं बस."

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. आमच्या मोहाडीला कवितांची स्पर्धा होती. परीक्षक नव्हते, ऐकणारेच निवाडा करणार होते. दारावर प्रत्येकाला एक चिंचोका मिळायचा आणि आवडलेल्या कवीच्या गुंडात, म्हणजे पितळी घागरीत, तो टाकायचा. ज्याच्या गुंडात जास्त चिंचोके, तो पहिला.

मी भंडाऱ्याला कॉलेजात होतो. त्या दिवशी स्पर्धक होतो. इस्त्रीचा शर्ट घालून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मास्तर बोलले ते मी ऐकलं. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायांना एकेक करून मागं पाठवलं, तेही पाहिलं.

आई माझ्याकडं पाहत होती.

मी म्हणालो, "जाय ना माय मांगं. कायले वाद करतं?"

हे मी म्हणालो. मास्तर नव्हे.

माझी कविता रोवण्यावर, म्हणजे भातलावणीवर होती. चिखलात दिवसभर वाकलेल्या बाईवर. म्हणजे आईवरच. पुढं सतरंजीवर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिला आलो. अध्यक्ष माईकवर म्हणाले, "पाहा, आमच्या गावात भेदभाव नाही." मग मला शंका आली. यांना कविता आवडली, की हे वाक्य बोलायला मी हवा होतो? ती शंका आजवर गेली नाही.

घरी जाताना मी आईला म्हणालो, "चिंचोके सरले होते, माय."

"सरले नाही गा बाबू. माह्या मांगच्या पाटलीनीले देला." मग म्हणाली, "माह्यावरच लिवलं ना? मंग बरोबर लिवलं का नाही, मले कोणं पुसलं? तूनं बी नाही पुसलं."

पुढच्या साली स्पर्धेचं बोलावणं घेऊन मास्तर वस्तीत आले. पहिल्यांदाच. "तुह्याबिगर मजा नाही," मला म्हणाले.

"चिंचोके कोणाले देता?" मी विचारलं.

"समजदाराईले."

"मंग मी नाही येत."

मास्तर हसले. "मांगच्या साली बक्षीस गोड लागलं ना बे?"

गोड लागलं होतं.

आता त्या स्पर्धेला पन्नास वर्षं होत आली. अजूनही बोलावणी येतात. सूत्रसंचालक माझी ओळख करून देताना ते बक्षीस सांगतो. मी त्याला तिथंच थांबवतो. म्हणतो, ते खोडा, तो निवाडा अर्ध्याच गावाचा होता आणि मला माहीत होतं. कविता वाचण्याआधी मी खाली उतरून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तिथं कोण बसलंय, का बसलंय, कुणी बसवलंय, ते विचारतो. आयोजक चिडतात. मला संशयी म्हणतात. म्हणू द्या. एकाला जरी जात पाहून मागं बसवलं असेल, तर मी वाचत नाही. गुपचूप निघूनही जात नाही. माईक हातात घेतो आणि बसवणाऱ्याचं नाव सांगतो.