पिशवीतली पुस्तकं आणि गार न होणारा फ्रिज

कटर मी पाइपला लावला होता. एक फेरा मारला की पाइप कापला जाणार होता. तेवढ्यात गाडीच्या दारातून बाई म्हणाल्या, "अण्णा, दोन मिनिटं थांबता का? यात काहीतरी लिहिलंय."

मी थांबलो, पण मनातून वैतागलो. पस्तीस वर्षं मी सोलापुरात फ्रिज आणि एसी दुरुस्त करतोय. घरगुती फ्रिज, हॉटेलांचे डीप फ्रीझर, डेअरीचे कूलर, सगळं हाताखालून गेलंय. पुस्तक वाचून कुणी मला थांबवावं याची सवय नव्हती.

गाडी मात्र नेहमीची नव्हती. कॅराव्हॅन होती, म्हणजे चाकांवरचं घर. आत दोघांपुरता पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि ओट्याखाली परदेशी बनावटीचा फ्रिज. गाडी चांगली पंधरा-सोळा वर्षांची. मालक माने दादा अकलूजचे. साखर कारखान्यात ड्रायव्हर म्हणून जन्म काढला आणि रिटायर झाले. त्यांच्या पत्नी तिथल्याच शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. मीही बाईच म्हणू लागलो. वळसंगच्या त्यांच्या पाहुण्यांनी माझं नाव सांगितलं होतं.

बाईंना इन्सुलिन लागतं. त्याचा साठा थंड ठेवावा लागतो, आणि आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. त्यामुळे कित्येक वर्षं बाई दोन दिवसांच्या वर घर सोडून राहिल्या नव्हत्या. जन्मभर दुसऱ्यांना फिरवलं आणि बायकोला कुठं नेलं नाही, ही टोचणी दादांना होती. फ्रिजवाली ही जुनी गाडी त्यांनी तेवढ्यासाठीच घेतली. आणि नेमका फ्रिजच दगा देत होता. तो नीट झाला नाही तर गाडी विकायची, असं दोघांनी ठरवलं होतं. एक जण गाडी बघूनही गेला होता.

तक्रार विचित्र होती. गाडी चालू असताना फ्रिज गार राहायचा. उभी केली की काही तासांत आतलं दूध नासायचं. अकलूजमध्ये दोघांनी बघितला होता. एकाचं म्हणणं वायरिंग, दुसऱ्याचं म्हणणं गॅस.

हा फ्रिज रस्त्यावर गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि उभ्या गाडीत घरच्या विजेवर. दोन्हींसाठी आत वेगवेगळे हीटर असतात. फ्रिजमध्ये हीटर कशाला, असं मलाही वाटलं होतं, पण मी ते बोलून दाखवलं नाही. विजेवरचा हीटर मीटर लावून बघितला. चांगला होता. हात लावला, तापत होता. फ्यूज, वायर, स्विच सगळं ठीक.

मग उरलं काय? आमच्या धंद्यात याचं ठरलेलं उत्तर आहे. वीज येतेय आणि गार होत नाही, म्हणजे गॅस गेला. गॅस गेला असेल तर चालत्या गाडीत गार कसा राहतो, हे मी स्वतःला विचारलंच नाही. पाइप कापायचा, वॉल्व्ह जोडायचा, गॅस भरायचा. फ्रिज ओट्याखालून ओढून काढला तेव्हा मागं कॉम्प्रेसर दिसला नाही. तिथंच मी थबकायला हवं होतं. परदेशी माल आहे, कुठंतरी आत असेल, असं म्हणून मी कटर काढला.

खरं तर पुस्तकं मी सकाळीच पाहिली होती. पलंगाखाली रेक्झिनची पिशवी होती, तिच्यात चार-पाच मॅन्युअल. अशा गाडीचं एकच पुस्तक नसतं. इंजिनाचं वेगळं, फ्रिजचं वेगळं, इन्व्हर्टरचं वेगळं, पाण्याच्या पंपाचं वेगळं. कुणी प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. वरून हळदकुंकू मात्र वाहिलेलं. दादा खंडेनवमीला पान्यांबरोबर त्यांचीही पूजा करायचे.

मी पिशवी मागितली नाही, कारण माझ्या उस्तादाची शिकवण. ते म्हणायचे, गिऱ्हाइकासमोर पुस्तक उघडायचं नाही, त्याला वाटतं याला काम येत नाही. ही शिकवण मी इमानानं पाळली. बाईंना कुणी असं काही शिकवलं नव्हतं. बसून कंटाळल्या, तेव्हा त्यांनी प्लास्टिक फाडलं.

"काय लिहिलंय?" मी कटर तसाच धरून विचारलं.

त्यांनी ओळीवर बोट ठेवून आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. या फ्रिजला कॉम्प्रेसर नाही. पाइपांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन दाबाखाली सीलबंद केलेले आहेत. हे पाइप कधीही उघडू नयेत.

अमोनिया म्हटल्यावर माझा हात खाली आला. तरुणपणी मी बर्फाच्या कारखान्यात होतो. तिथं एकदा अमोनिया सुटला, आम्ही ओली फडकी तोंडाला धरून पळालो. एका फिटरचा डोळा कायमचा गेला. इथं बाई माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली. मी कटर पेटीत टाकला आणि पलंगावर बसलो.

"बाई," मी म्हटलं, "पहिल्या पानापासून वाचा."

त्यांनी वाचलं, आणि मला माझ्याच धंद्यातली नवी गोष्ट कळली. हीटर अमोनिया उकळतो. त्याची वाफ वर जाते, वर ती निवून पातळ होते आणि खाली उतरताना गारवा देते. ढकलायला पंप नाही. पन्हळीतून पाणी येतं तसं सगळं आपल्या वजनानं वाहतं. म्हणून गाडी उभी असताना सपाट जागेवर पाहिजे. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त कलली की वाहणं बंद. चालत्या गाडीत हेलकाव्यांमुळे चालून जातं.

"दादा, घरी गाडी कुठं लावता?" मी विचारलं.

"उतारावर की," ते म्हणाले. "कारखान्यातल्या गाड्यास्नी स्टार्टर कवा असायचा? ढकलूनच चालू करायच्या. सपाटीला गाडी लावली तर अजून झोप येत न्हाय मला."

हसायची सोय नव्हती. माझ्या दुकानापुढंही उतार आहे. जागा घेताना मी तो बघूनच घेतली होती, बंद पडलेली गाडी ढकलता येते म्हणून. म्हणजे सकाळपासून गाडी इथंही नाक खाली करून उभी होती आणि मी मीटर फिरवत बसलो होतो.

बाई पुढं वाचता वाचता थांबल्या. मग हळू आवाजात सांगितलं, कललेल्या गाडीत फ्रिज वारंवार चालवला तर तो कायमचा निकामी होऊ शकतो.

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजे मीच घालवला की त्याला," ते म्हणाले.

"ते अजून ठरायचंय," बाई म्हणाल्या. "आधी सरळ उभी तर करा."

फ्रिज जागेवर बसवला. शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाणसळ आणली, तीच बुडबुड्याची पट्टी. ती फ्रीझरमध्ये ठेवून दादांना गाडी पुढं-मागं घ्यायला लावली आणि पुढच्या दोन चाकांखाली लाकडी ठोकळे दिले. बुडबुडा मधोमध आला तेव्हा अकरा वाजले होते. आत थर्मामीटर ठेवला, वीज जोडली. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

वाट बघणं मला जमत नाही. मी बाकीची पुस्तकं मागून घेतली. पंपाच्या पुस्तकात लिहिलं होतं की टाकीजवळची जाळी दर महिन्याला धुवायची. दादांना अशी जाळी आहे हेच माहीत नव्हतं. काढली तर चिखलानं भरलेली. बॅटरीचं पुस्तक वाचून बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातलं. पुस्तक लिहिणाऱ्यानं ही गाडी कधी बघितली नव्हती, तरी तिची दुखणी तो आमच्यापेक्षा जास्त ओळखत होता.

एक वाजता थर्मामीटर एकतीसवर होता. दादा जेवले नाहीत. तीन वाजता एकवीस. साडेपाचला बाईंनी दार उघडून चष्मा वर केला आणि आकडा वाचला, सात. इन्सुलिनला दोन ते आठ चालतं. त्यांनी बर्फाच्या थर्मासमधून औषधाची डबी काढली, पदरानं पुसली आणि फ्रिजमध्ये ठेवली. दादा खाली उतरले आणि ठोकळे पक्के आहेत ना ते दोनदा बघून आले.

बर्फ मात्र त्या फ्रिजमध्ये नीट जमत नाही. थोडं नुकसान झालं असणार, आणि ते भरून निघणार नाही. मीही त्या दिवशी तसं काहीच दुरुस्त केलं नाही. पण आता दुकानात काहीही आलं की मी पहिलं विचारतो, पुस्तक आहे का? दोन गिऱ्हाइकं तेवढ्यावरून माल उचलून घेऊन गेली. जाऊ देत.

महिन्याभरानं बाईंचा फोन आला, कारवारच्या पुढून कुठून तरी. मागं समुद्राचा आवाज होता. घर सोडून नववा दिवस होता. मी विचारलं, परत कधी निघताय?

"हे म्हणतायत उद्या निघू," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, इन्सुलिन अजून दोन आठवडे पुरेल."