मागच्या तारखेचा कागद

टेलिफोन एक्सचेंजमधला तो ऑपरेटर साक्ष देतानाही डावा कान चोळत होता. दुष्काळात छावणीचा चारा चोरून विकणाऱ्याचं बोलणं त्यानं पोलिसांच्या नुसत्या तोंडी सांगण्यावरून ऐकलं होतं. मी जिल्हा कचेरीत कारकून; लेखी परवानगी आमच्या साहेबांनी नंतर माझ्याकडून मागची तारीख टाकून टाइप करून घेतली.

आरोपीच्या वकिलानं विचारलं, "हा कागद आधी मिळाला होता?"

त्यानं चष्मा पुसला. "न्हाई, वकीलसाहेब. ह्या तारखेला आपला भाग उस्मानाबाद जिल्ह्यात व्हता, लातूर जिल्हा नंतर झाला. मग वर 'जिल्हा लातूर' कसं?"

चारा विकणारा सुटला.

बाहेर तो मला म्हणाला, "लेकरा, मी ऐकलेलं खरं व्हतं. तुमच्या कागदानं खोटं केलं."

घरातला पहिला बी.ए. मी. साहेबांना नाही म्हणायला तेवढं शिक्षण पुरलं नाही.