भावाच्या जागी चंद्र

"नारळ फोडला का?"

चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पहिला प्रश्न आला तो हा. मोठा पडदा लावला होता, टाळ्या वाजत होत्या, पेढे फिरत होते, आणि मागच्या रांगेतून आबा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते.

"आबा, तिथं हवासुद्धा नाही. नारळ कोण फोडणार?" आमचे सेक्रेटरी म्हणाले.

"मग हितं फोडायचा. परक्याच्या जाग्यात शिरताना इचारायला नको व्हय?" मग जरा थांबून, "बरं, इचारलं आसंल, तर जमिनीनं काय सांगितलं?"

सगळा हॉल हसला. मीही हसलो. आबांच्या बोलण्याला हसायचं असतं, अशी आमच्याकडे पद्धतच पडली होती.

आबांना तुम्ही पाहिलं नसेल, पण त्यांच्यासारखे पुष्कळ पाहिले असतील. मोशीपासून चाकणपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशी माणसं भेटतात. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, कडक टोपी, बोटात ठसठशीत अंगठी आणि दारात भली दांडगी गाडी. आम्ही बाहेरून आलेली मंडळी त्यांना पाठीमागे 'गुंठामंत्री' म्हणतो आणि समोर 'आबा, टँकरचं जरा बघा ना' म्हणतो. मी मूळचा परभणीकडचा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमची सोसायटी आबांच्याच शेतावर उभी आहे. मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटपैकी तळमजल्यावरच्या एकात ते राहायचे. बायको कधीच गेलेली, मुलगा-सून वरच्या मजल्यावर.

आमची खरी ओळख झाली ती दुर्बिणीमुळे. मुलीने हट्ट केला म्हणून मी एक बऱ्यापैकी दुर्बीण आणली. आठवडाभरात मुलगी कंटाळली आणि दुर्बीण माझ्या गळ्यात पडली. घेतलीच आहे तर वापरावी म्हणून मी शनिवारी संध्याकाळी गच्चीवर ती लावून बसू लागलो. हळूहळू लोक जमायला लागले. गुरूचे चंद्र बघायचे, शनीची कडी बघायची, 'अरे वा' म्हणायचं आणि जेवायला जायचं.

प्रत्येकाचं येण्याचं कारण वेगळं. तळवड्याला आयटीत असलेला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा म्हणायचा, पृथ्वी काही फार टिकत नाही, आपण दुसरी सोय बघून ठेवली पाहिजे. प्लॉटिंगचा धंदा करणारे एक गृहस्थ मला दर वेळी विचारायचे, "राव, मंगळावर जमीन एनए झालीय का?" त्यांच्या बायकोला मंगळाची धास्ती होती, कारण तो त्यांच्या मुलीच्या पत्रिकेत बसला होता.

आबा यायचे, कठड्याला टेकून उभे राहायचे आणि फक्त मंगळाची चौकशी करायचे. एकदा तो दिसण्यासारखा आला तेव्हा मी त्यांना दुर्बिणीशी बसवलं. त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला.

"एवढाच?"

"एवढाच दिसतो आपल्याला."

"मग पाणी कुटं हाय?"

मी म्हणालो, आता नाही, पण फार फार पूर्वी तिथं नद्या वाहत होत्या असं शास्त्रज्ञ म्हणतात. आणि मोबाइलवर मंगळाचे फोटो काढून दिले. कोरड्या पात्रांचे, तांबड्या मातीचे, दगडगोट्यांचे. आबांनी चष्मा लावला. एकेक फोटो ते बोटांनी मोठा करून बघत होते.

"पाणी गेलं कसं?"

मला जमेल तसं मी सांगितलं. हवा विरळ होत गेली, पाणी उडून गेलं, काही जमिनीत मुरलं असेल.

"तिथं कुणी टेकडी फोडली हुती का?" त्यांनी विचारलं. मी हसायला तोंड उघडलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं.

त्यानंतर त्यांचा एकच धोशा सुरू झाला. जिन्यात भेटोत, दुधाच्या रांगेत भेटोत, "काय भाऊ, मंगळाचं काय?" मंगळाचं म्हणजे पाण्याचं. एवढी यानं जातात, एवढे लोक खपतात, त्यांना तिथं पाणी सापडलं का. मी एकदा वैतागून म्हणालो, "आबा, तुम्हाला कशाला हवंय मंगळावरचं पाणी? इथल्या टाकीत चढवा आधी." तेव्हा ते गच्चीच्या कडेला गेले आणि मला हाताने बोलावून घेतलं.

"त्यो टॉवर दिसतोय का? त्याच्या मागं आमची टेकडी हुती."

तिथं आता पत्र्याच्या शेडची रांग आहे. टेकडी आबांच्या वाट्याला आलेली. कुसळांशिवाय तिच्यावर काही उगवत नव्हतं. कंपन्या आल्या, रस्ते आले, सगळ्यांना भरावाला मुरूम हवा झाला. आबांनी पोकलेन घेतलं, डंपर घेतले. मुहूर्त बघितला, पूजा मांडली, नारळ फोडला. आणि मशीन सुरू होणार एवढ्यात त्यांची थोरली बहीण येऊन मशीनच्या पुढ्यात उभी राहिली.

अक्का गावातच दिलेली. टेकडीच्या पायथ्याला वडिलांनी तिला दिलेलं शेत, शेतात विहीर. तिला बघायला सासरा पहिल्यांदा आला तेव्हा त्याने आधी विहिरीत डोकावून बघितलं म्हणे, मग मुलीकडे.

"अक्का म्हनली, हिच्या पोटात पाणी हाय, हात लावू नको. मी म्हनलं, आगं नारळ फोडलाय, आता काय बी हुत न्हाई. ती म्हनली, नारळ फोडून इचारलंस, पर उत्तर ऐकायला थांबलास का? आन् मी ड्रायव्हरला खूण केली. दोन पोरांनी अक्काला धरून बाजूला केली. माझ्या डोळ्यांदेखत."

टेकडी संपली. पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली. आबांनी मग काय करावं? टँकर लावले. एकामागून एक टँकर बहिणीच्या विहिरीत रिकामे केले. गावाला वाटलं, आबाला वेड लागलं. विहीर सकाळी भरलेली दिसायची आणि दिवस कलेपर्यंत तळ उघडा पडायचा.

"माझ्या हातचं पाणी तिनं ठिवूनच घेतलं न्हाई," ते म्हणाले. अक्काने शेत विकलं आणि ती मुलाबरोबर तळेगावला राहायला गेली.

आमच्या पार्किंगखालचा भराव कुठून आला, हे विचारायची गरज नव्हती. मी रोज त्या टेकडीवर गाडी लावत होतो आणि तरीही मला तिचं नाव माहीत नव्हतं. हे मला लागलं. अजून लागतं.

"म्हनून इचारतो," आबा म्हणाले. "एवढ्या मोठ्या मुलखातलं पाणी गेलं, ते परत गावत आसंल तर आमचं बी गावंल. जग एवढं हुडकतंय, त्यांस्नी सापडलं तर मला सांगा."

बघा, दुसऱ्या ग्रहांवर जायची कारणं आम्ही गच्चीवर इतकी ऐकली होती. कुणाला जागा हवी होती, कुणाला नाव. या माणसाला फक्त एवढंच कळायला हवं होतं की आपण केलं ते फिरवता येतं का.

त्या वर्षी भाऊबिजेला दुपारी ते माझ्या दारात उभे. ड्रायव्हर दिवाळीला गावी गेला होता, मुलगा सासुरवाडीला.

"तळेगावला सोडता का? चंद्र बघायचाय."

"आबा, चंद्र आपल्या गच्चीवरूनही दिसेल."

"मला तिथला बघायचाय."

मी गाडी काढली. वाटेत त्यांनी सांगितलं. विहीर आटली त्या वर्षीच्या भाऊबिजेला ते साडी घेऊन अक्काकडे गेले होते. दार उघडं होतं, पण अक्का गच्चीवर होती. तिने चंद्राला ओवाळलं, ताट घेऊन खाली आली आणि यांच्या समोरून आत गेली. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, हे तुम्हाला-मला माहीत आहे. भाऊ दारात उभा असताना चंद्राला ओवाळणारी मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

"माझ्या जाग्यावर त्याला बसवलाय," आबा म्हणाले. "तवापासनं मी त्याच्यावर नजर ठिवून हाय. तुमच्या त्या यानाची म्हनून भीती वाटली. म्हनलं, अक्काला एकच भाऊ राहिलाय. त्याला बी खोदत्याल."

मी हसलो आणि लगेच मला कसंतरी झालं.

तळेगावात त्यांनी गाडी लांब लावायला सांगितली. अक्काचं बैठं घर, वर गच्ची, पुढे पश्चिमेला गल्ली. सूर्य मावळला होता. आबांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. टोपी सारखी केली. ओवाळून घ्यायला माणूस पाटावर सावरून बसतो, तसे ते समोरच्या कंपाउंडला लागून सावरून उभे राहिले.

बीजेची कोर दिसायला लागली तशी म्हातारी वर आली. हातात ताट, ताटात निरांजन. आबा जोराने खाकरले आणि त्यांनी मान खाली घातली. मी वर बघत होतो, पण मला दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं आणि मी नजर आबांकडे वळवली. त्यांचे हात जोडलेले होते, ओठ हलत होते. ती खाली जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"वर जाऊया ना आबा," मी म्हणालो. "दोन पायऱ्या चढायच्या आहेत."

"न्हाई. वर माझी जागा न्हाई." चपला घालत ते म्हणाले, "चंद्राला ववाळल्यालं थोडंफार खाली सांडतंय की. तेवढं पुरतं मला."

पुढे काही महिन्यांनी बातमी आली, मंगळाच्या पोटात खोल कुठेतरी पाणी असावं असं शास्त्रज्ञांना वाटतंय. मी धावत तळमजल्यावर गेलो. आबांनी ती मला तीनदा वाचायला लावली. 'असावं' हा शब्द मी सोडून देत होतो, हे कबूल करतो.

"म्हंजी पाणी हाय! खाली उतरलं हुतं, मेलं न्हाई!" त्यांनी माझा हात धरला. "अक्काला फोन लावा. तुमी सांगा. माझा फोन ती घेत न्हाई. शिकल्यासवरल्या माणसाचं ऐकंल."

नको म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मी फोन लावला. ओळख सांगितली, बातमी सांगितली. पलीकडे अक्का शांतपणे ऐकत होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग त्या पाण्यावर माझी विहीर भरायची का?"

आणि फोन ठेवला. फोनचा आवाज मोठा होता, आबांना सगळं ऐकू गेलं. मला वाटलं रागावतील. ते पलंगावर बसले आणि गुडघ्यावर हात फिरवत राहिले.

"बरोबर हाय तिचं," इतकंच म्हणाले.

त्यानंतर ते गच्चीवर फारसे आले नाहीत. उन्हाळा लागला आणि एका सकाळी झोपेतच गेले. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर गर्दी होती, पुढाऱ्यांची भाषणं झाली, कुणी त्यांना विकासपुरुष म्हणालं. अक्का एका कडेला बसून होत्या. रडत नव्हत्या. परत निघताना त्यांच्या मुलाला कंपनीतून बोलावणं आलं, म्हणून त्यांना तळेगावला सोडायचं काम मी मागून घेतलं.

अर्ध्या रस्त्यात मला राहवेना.

"अक्का, आबा भाऊबिजेला तुमच्या गल्लीत येऊन उभे राहायचे. तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या सालापासनं. गाडी लांब लावायचा, पर खाकरल्याबिगर राहायचा न्हाई. ल्हानपणापासनं तसाच."

"मग हाक का नाही मारली?"

त्या बाहेर बघत होत्या. रस्त्याकडेला आणखी एका टेकडीला पोकलेन लागलं होतं.

"माझं मी कवाच सोडलं हुतं. विहीर माझी हुती, ती गेली, गेली. पर टेकडी माझ्या एकटीची हुती का? पाखरांची हुती, गुरांची हुती, खालच्या समद्या वस्तीची हुती. हाक मारली आसती तर त्याला वाटलं आसतं, समदं फिटलं. त्यांच्या वतीनं माफ करणारी मी कोण?"

ती टेकडी मागे पडल्यावर त्याच पुढे बोलल्या. आवाज बदलला होता.

"पर भाऊ हुता माझा. पहिल्या सालीच काय ते चंद्राला ववाळलं. पुढं त्यो खाकरला की मी ताट कठड्याच्या बाहीर धरायची आन् खाली बघून ववाळायची. दर साली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खालनं त्याला दिसत आसंल न्हवं?"

मला आबांची खाली घातलेली मान आठवली.

"दिसत होतं," मी म्हणालो.