चौथा वाटा

मुकादमभाईंची नि माझी ओळख भांडणाने झाली. शुक्रवारची पहाट होती. जेद्दाच्या एका खासगी हॉस्पिटलात मी नुकतीच नर्स म्हणून रुजू झाले होते. क्वार्टर्सच्या फाटकापाशी एक उंच, वाळकुडा माणूस प्लास्टिकची बादली नि मासे धरायच्या तंगुसाची गुंडाळी घेऊन स्वतःशीच मराठीत काहीतरी पुटपुटत चालला होता. परमुलखात मराठी कानावर पडली म्हणून मी हरखून विचारलं, "काका, कुठे निघालात?"

झालं! माणूस जागच्या जागी थांबला. मागे वळला, पायरीवर बसला, बादलीतली बाटली काढून पाणी प्याला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, मराठी बोलतेस नि निघत्या माणसाला 'कुठं' विचारतेस? आता आज मासा सोड, शेवाळ पन लागनार नाय." संध्याकाळी दारावर टकटक झाली. दारात तेच गृहस्थ, हातात पिशवी. त्यात साफ केलेले चार मासे होते. म्हणाले, "तू विचारलंस म्हनून एवढेच गावले. हा तुजा वाटा."

इब्राहिम मुकादम मूळचे दाभोळचे. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये सुया, सलाइन, बँडेज यांचा सगळा संसार त्यांच्या ताब्यात. माणूस फटकळ, बढाईखोर आणि मासळीच्या बाबतीत साफ खोटारडा. निसटलेला मासा त्यांच्या तोंडून दर आठवड्याला वीतभर वाढायचा. पण वाट्याच्या बाबतीत चोख. "किनाऱ्यावर उभा राहिला तो वाटेकरी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे दर शुक्रवारी मीही त्यांच्याबरोबर मासे धरायला जाऊ लागले. माझा नवरा अविनाश आम्हाला गाडीतून न्यायचा आणि पोचल्या पोचल्या सीट मागे करून घोरायला लागायचा. त्यालाही वाटा. मी एकदा म्हटलं, हा तर उभासुद्धा राहत नाही. तर म्हणाले, गाडी उभी हाय ना?

वाटे करायची त्यांची पद्धत गावाकडची. वाळूवर प्लास्टिक पसरून मासळीचे सारखे ढीग लावायचे. मग एकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका ढिगाला हात लावून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोऱ्याने मनाला येईल ते नाव घ्यायचं. पाठ फिरवायचं काम कायम माझ्याकडे. का, तर मी बार्शीची. "घाटावरच्या मानसाला मासळीतलं काय कळत नाय, तेव्हा लबाडीचा प्रश्नच नाय." हे ते माझ्यादेखत सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

मग परक्यांच्या जागी सौदी माणसं नेमायचे, सौदीकरणाचे दिवस आले. रोज कुणाच्या ना कुणाच्या फायनल एक्झिटची, कायमचं घरी परतण्याची बातमी यायची. स्टोअरमध्येही फहद नावाचा सौदी तरुण नेमला गेला, आणि मुकादमभाईंनी त्याला तयार करायचं असं ठरलं. मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, मोघम बोलून गेला की पोरगा जूनअखेरीपर्यंत तयार झाला तर मुकादम खलास, नाही झाला तर इकामा, राहायचा परवाना, आणखी एक वर्ष वाढवू. मुकादमभाईंना ते वर्ष हवंच होतं. दाभोळच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, वर पत्रे होते, स्लॅब बाकी होता. आयुष्यभर खाडीकाठी पत्र्याखाली राहिलेल्या बायकोला त्यांनी स्लॅबचा शब्द दिला होता.

आम्ही सगळ्यांनी त्यांना एकच सल्ला दिला. शिकवू नका. अविनाश तर रोज फोन करून बजावायचा. मुकादमभाईंनीही पहिले काही आठवडे मन घट्ट केलं. फहदला चहा आणायला पाठवायचे, रिकामे खोके मोजायला लावायचे, आणि कुठल्या कपाटात काय आहे हे विचारलं की त्यांना नेमकी ढास लागायची. तो बिचारा कंटाळून खुर्चीवर गोल गोल फिरत बसायचा. आधीच्या दोन नोकऱ्या टिकल्या नव्हत्या, नवं लग्न झालेलं, ही गेली तर सासऱ्याला तोंड कसं दाखवू, असं तो मला एकदा म्हणाला होता. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पण एक दिवस त्याला बँडेजच्या खोक्यांमागे गऱ्यांची डबी सापडली. हे काय, म्हणून त्याने विचारलं आणि आमचा माणूस तिथेच घसरला! सलाइन कुठे ठेवतात हे महिनाभर न सांगणाऱ्याने तांबोशी मासळी कुठे बसते, कोळंबी गरीला कशी ओवायची, भरतीच्या कुठल्या टप्प्याला दोर टाकायचा हे त्याला एका दुपारी सांगून टाकलं. वर शुक्रवारचं आमंत्रण. अविनाशने कपाळावर हात मारला. म्हणाला, हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार, आणि धोंडाही स्वतःच उचलून आणणार.

आम्ही जायचो ते ठिकाण शहराच्या दक्षिणेला. तिथे उथळ पाण्यात तिवरांची झाडं आहेत आणि त्यांच्या मुळांशी लालभडक तांबोशा दडून बसतात. मुकादमभाईंची जन्माची हौस एकच, हातभर लांबीची तांबोशी. आजवर लागल्या त्या सगळ्या त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोर तोडून पळालेल्या. त्या शुक्रवारी पहाटेची फजरची नमाज पढून ते नि फहद गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मी काठावर थर्मास घेऊन बसले. अविनाश गाडीत घोरत होता.

आणि ती लागली! मुकादमभाईंच्या नव्हे, फहदच्या दोराला. पोराने जन्मात पहिल्यांदा दोर धरलेला. तो घाबरून जोरात ओढायला लागला. आता तंगूस तुटणार हे मलासुद्धा कळलं. मुकादमभाई नुसते बघत उभे राहिले. माझ्या मनात आलं, तुटू दे. पोरगा हिरमुसेल, परत यायचा नाही, आणि आमचा माणूस सुटेल. मुकादमभाईंच्याही मनात तेच आलं असणार. मग एकाएकी ते ओरडले, "ढील दे रे मेल्या, ढील दे!" हे मराठीत. फहदला अर्थ कळला नाही पण सूर कळला. मग हिंदी, अरबी, दाभोळी अशा खिचडीत त्यांनी त्याला ढील द्यायला लावली, थांबवलं, पुन्हा ओढायला लावलं. स्वतःच्या दोराकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी मासा काठावर आला. चांगला हातभर. फहद पाण्यात बसकण मारून लहान मुलासारखा हसत होता.

आरडाओरड्याने अविनाश उठला होता. मुकादमभाई नि फहद हातपाय धुवायला गेले तेवढ्यात त्याने तांबोशीचे तुकडे केले, बाकीची किरकोळ मासळी घेतली आणि वाटे लावले. तीन. मी म्हटलं, फहदचा? तर म्हणाला, तो नोकरी घेऊन चाललाय ना, मासळी बाजारातून घेईल.

मुकादमभाई आले. ढिगांकडे बघितलं. खाली बसले, तिन्ही ढीग दोन्ही हातांनी एक केले आणि पुन्हा लावले. चार. मला म्हणाले, "फिरव पाठ." मी फिरवली, नावं घेतली. तांबोशीचं डोकं, म्हणजे कालवणाचा सगळा जीव, नेमकं अविनाशच्या वाट्याला गेलं. यावर मुकादमभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जुम्म्याच्या नमाजेला पोचायचं म्हणून परतताना गाडी जोरात चालली होती. पुढच्या सीटवर फहद पिशवी मांडीवर घेऊन आईला फोनवर सांगत होता की आज सय्यादिया, म्हणजे त्यांचा मासे-भात, कर, मासा मी आणतोय. मागे मुकादमभाई माझ्याशी हळूच बोलले, "सिस्टर, मासळीचा वाटा दिला नि कामाचा दाबून ठेवला. माजा बाप हे बघता तर मना होडीतनं खाली ढकलता." मी म्हटलं, अहो, पण स्लॅब?  ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिला सांगेन कायतरी. निसटलेल्या माशांचं आजवर ऐकलंन ना, तसं हे पन ऐकेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फहदला हाताला धरून स्टोअरमध्ये नेलं आणि एकेक कपाट उघडलं. जीव तोडून शिकवलं. शिव्या घालून शिकवलं. जूनअखेरीला पोरगा चोख तयार झाला, आणि मुकादमभाई गेले. विमानतळावर फहद रडला. मीही रडले. मुकादमभाई मात्र आम्हाला दटावत होते की जाताना 'कुठं' विचारत नाहीत तसं रडतही नाहीत, विमान खाली पडेल.

पुढच्या शुक्रवारी जावं की नाही, असं आमचं चाललं होतं. फहदच गाडी घेऊन दारात आला. यल्ला, चला, म्हणाला. माणसं तीनच. मासळी बेताची, पण एक मध्यमशी तांबोशी होती. वाटे फहदने लावले आणि मी सवयीने पाठ फिरवली. त्याला मराठीतलं एवढंच येतं, ते त्याने मुकादमभाईंच्याच हेलात विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हटलं, अविनाशचा. "हा कुणाचा?" तुझा. "हा कुणाचा?" माझा. आणि मी वळणार तोच पुन्हा आवाज आला, "हा कुणाचा?"

माझी पाठ होती ते बरं होतं. मी म्हटलं, "मुकादमभाईंचा." वळून बघितलं तर फहदने चौथ्या ढिगावर तांबोशीचं डोकं ठेवलं होतं.

आम्ही तिथूनच दाभोळला फोन लावला. मुकादमभाई पत्र्याखाली बसले असणार, कारण मागे पावसाचा ताशा वाजत होता. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही न करता पहिला प्रश्न विचारला, "डोकं कुणाला गेलं?"

"तुम्हाला," मी म्हटलं.

 पावसाच्या आवाजातून नाक ओढल्याचं ऐकू आलं आणि ते खेकसले, "मंग फोनवर काय बोलत बसलात? नासेल ते. शिजवा, नि अविनाशला देऊ नका. झोपलेला असेल."

तो खरंच झोपला होता.